आपला वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. हसलात? हसा. दगड बोलायला लागला की माणसं आधी हसतात आणि मग इकडेतिकडे बघतात, कुणी ऐकलं तर नाही ना. मला सवय आहे. तुमच्या मराठीत आम्हा दगडांची काय इज्जत आहे, ते मला पक्कं ठाऊक आहे. ज्याला अक्कल नाही तो दगड, ज्याला माया नाही तो दगड, स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं तर म्हणे पायावर धोंडा. मी आजवर कुणाच्या पायावर आपणहून पडलेलो नाही, एवढंच सांगून ठेवतो.

पण या पृथ्वीवर एक भाषा अशी आहे, की तिच्यात दगडाला जिवंतांच्या रांगेत बसवतात. त्या भाषेचं नाव ओजिब्वे. ती मी ऐकली आयर्लंडमधल्या गॉलवे गावात, एका मराठी स्वयंपाकघरात, ओट्यावर बसून. त्या भाषेमुळे एक आजी आणि एक नात एकमेकींना मुकता मुकता वाचल्या. ते सांगायचं म्हणून तोंड उघडलं, नाहीतर मी फारसा बोलणारा नाही.

माझा जन्म अमरावतीकडचा. काळ्या दगडाच्या एकाच शिळेतून पाथरवटानं आधी पाटा काढला आणि उरलेल्या तुकड्यातून मला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, वरवंटेपण आलं. पाटा थोरला, मी धाकटा. तो पडून राहायचा आणि मी त्याच्या अंगावरून पळायचो, असा आमचा संसार. नवी नवरी असलेल्या वासंतीबाईंनी आठवडी बाजारातून आम्हाला घरी आणलं आणि पुढची कितीतरी वर्षं आम्ही मिरच्या, लसूण, तीळ आणि जवस यांच्यात न्हाऊन निघालो. काय तो वास! काय त्या बाईच्या हाताचा जोर!

मग मिक्सर आला. त्या भुंग्यानं घरात पाऊल टाकलं आणि आमची रवानगी न्हाणीजवळ झाली. तरी एक मान माझा कुणी काढून घेतला नाही. घरात बारसं असलं की मी हवाच. मला धुऊन-पुसून टोपरं घालायचे, काजळ लावायचे, आणि बायका मला पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हाती द्यायच्या. मग मला बाळाच्या पायाशी निजवायचे. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. वासंतीबाईंची लेक पद्मजा जन्मली तेव्हा मी तिच्या पायाशी होतो. म्हणजे नात्यानं मी तिचा भाऊच की!

ही पद्मजा डॉक्टर झाली आणि गॉलवेच्या इस्पितळात नोकरीला लागली. नवरा हृषीकेश तिथल्याच एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत इंजिनियर. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात त्यांना मुलगी झाली आणि वासंतीबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर निघाल्या. बारसं म्हणजे पाटा-वरवंटा दोघंही न्यायचे होते. पण पाटा ठेवला की बॅगेत दुसरं काही मावेना. शेवटी पाट्याला भिंतीला टेकवून ठेवलं आणि मी एकटा लुगड्यात गुंडाळून विमानात बसलो. एका शिळेतले आम्ही, पहिल्यांदाच वेगळे झालो. मला वाईट वाटलं. दगडाला वाटत नाही म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

शॅनन विमानतळावर एका लालबुंद गालांच्या अधिकाऱ्यानं बॅग उघडली. मला दोन्ही हातांनी उचलून त्यानं विचारलं, "हे काय आहे?"

घ्यायला आलेला हृषीकेश काचेपलीकडे. वासंतीबाईंचं इंग्रजी बेताचं. त्यांनी ठामपणे सांगितलं, "फॉर बेबी."

"फॉर द बेबी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, वासंतीबाईंकडे पाहिलं, आणि मला परत लुगड्यात ठेवत म्हणाला, "ग्रँड." त्या देशात कशालाही ग्रँड म्हणतात, हे मला पुढे कळलं.

बारसं झालं. आत्या, म्हणजे हृषीकेशची बहीण संध्या, पुण्याहून स्काइपवर होती. तिनं तिथूनच कानात सांगितल्यासारखं नाव सांगितलं, स्वरांगी. पाळण्याऐवजी लाकडी कॉट होती. एका बाजूला वासंतीबाई, दुसऱ्या बाजूला शेजारची आयरिश बाई. माझं टोपरं बघून ती विरघळलीच. मला छातीशी धरून म्हणाली, "अरे, किती जड आहे हा! गॉड ब्लेस हिम." एवढं कौतुक मला अमरावतीतही मिळालं नव्हतं.

आजी परत गेल्या. मला ठेवून गेल्या, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून. मग काय? मी गेलो प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मला आधी वाटलं इस्त्रीला टाकतायत की काय! तिथे कुकरच्या जुन्या रिंगांबरोबर काही काळ काढला. पुढे गॉलवेचा वारा मागचं दार सारखा आपटायला लागला, तेव्हा हृषीकेशनं मला दाराला टेकवलं. झालं. बारशाचा मानकरी दाराचा अडसर झाला. चालायचंच. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण वीट त्या वाऱ्यात टिकली नसती.

दाराशी बसून मी पोरीला वाढताना ऐकलं. तिला मराठी सगळं कळायचं. "स्वरा, मोजे कुठेयत?" म्हटलं की मोजे आणायची. पण उत्तर? अस्सल गॉलवेच्या इंग्रजीत. आईबाप आपापसात अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत. "चल, लेट्स ईट, उशीर झालाय." सलग, जोडाक्षरासकट मराठी घरात ऐकू यायचं ते फक्त रविवारी, भारतात फोन लावला की. "आम्ही मजेत आहोत. आम्ही काल बाजारात गेलो होतो. आम्ही दिवाळीला येऊ बहुतेक." पोर मांडीवर बसून ऐकत असायची. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच अडणार आहे.

दोन हजार सतराच्या शरद ऋतूत शेजारचं घर भाड्यानं गेलं आणि तिथे लोरेन आली. वय साठीच्या आसपास, पांढरी लांब वेणी, चालणं सावकाश. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांच्या काठची, ओजिब्वे लोकांतली. इथल्या लोकांनी आपली आयरिश भाषा चिमुरड्यांच्या शाळांतून कशी जागी ठेवली, ते बघायला दोन वर्षांसाठी विद्यापीठात आली होती. सकाळी तिचं काम, दुपारी मोकळी. पद्मजाच्या ड्युट्या वेड्यावाकड्या. तेव्हा दुपारची स्वरा लोरेनकडे, आमच्याच स्वयंपाकघरात, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी ती मागच्या दारानं आत आली आणि माझ्यासमोर थांबली. वाकून तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि हृषीकेशला विचारलं, "हा कोण?"

हृषीकेशला वाटलं बाईचा शब्द चुकला. म्हणाला, "तो वाटायचा दगड आहे. काय आहे म्हणताय ना?"

"नाही," ती म्हणाली, "कोण."

मग त्यानं हसत हसत बारशाचं सांगितलं. टोपरं, काजळ, बाळाच्या पायाशी निजवणं. सांगताना थोडा ओशाळलाच होता, शिकलेली माणसं ओशाळतात तसा. लोरेन मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे हा हिचा भाऊ," ती म्हणाली आणि मला नळाखाली धुऊन ओट्यावर, खिडकीशी ठेवलं. त्या दिवसापासून दाराला फोल्डिंगची खुर्ची टेकवायला लागले.

मी ओट्यावर आलो आणि माझं शिक्षण सुरू झालं. लोरेन पोरीशी खेळता खेळता आपल्या भाषेत बोलायची. एकदा तिनं टेबलावर बूट ठेवला, खुर्ची ओढली, कागदाची होडी ठेवली, आणि शेजारी पोरीला उभं केलं. बूट, खुर्ची, होडी बघताना म्हणायचं "निवाबंदान". मी ते बघते. पोरीला बघताना म्हणायचं "निवाबमा". मी हिला बघते. जिवंताला बघायचं क्रियापद वेगळं! झाडाला बघताना निवाबमा. कुत्र्याला बघताना निवाबमा. मग ती माझ्याकडे वळली. "असिन," ती म्हणाली, म्हणजे दगड, आणि पोरीला विचारलं, "सांग बघू, कोणतं?"

"निवाबंदान," पोर म्हणाली.

"अंहं. निवाबमा."

अहो, माझ्या अंगातून काय गेलं म्हणून सांगू! तुम्ही मराठीत माणसाला बघता, गाईला बघता, बाळाला घेता. आणि दगड बघता, दगड उचलता, दगड फेकता. त्या एवढ्याशा 'ला'ला मी जन्मभर मुकलो होतो. आणि तिकडे, कुठल्या कोण सरोवरांच्या काठी, पिढ्यान्‌पिढ्या माणसं ते सगळं एका क्रियापदात घालून मला देत आली होती. मला न बघता! मी थक्क झालो. अजूनही आहे.

पोरीनं विचारलं, "पण तो चालत नाही."

"प्रत्येक दगड उठून चालतो असं आम्ही म्हणत नाही," लोरेन म्हणाली. "ते बोलण्याचं वळण आहे. पण लहानपणापासून असं बोलत वाढलं ना, की दगडाला लाथ मारण्याआधी पाय जरा थांबतो."

कधी पद्मजाची ड्युटी लवकर सुटली की दोघी चहा घेत बसत आणि लोरेन आपल्या भाषेची कहाणी सांगे. तिच्या लोकांच्या जुन्या गोष्टींत आहे, की पूर्वज पूर्वेच्या समुद्राकाठून निघाले आणि पाणी धरून आत आत येत राहिले, जिथे पाण्यावर अन्न उगवतं तिथवर. तसा रानभात तिथल्या तळ्यांत खरोखर उगवतो, होडीतून झोडपून काढतात. भूर्जाच्या सालीवर ते खुणा कोरून ठेवत. मग एक काळ असा आला, की मुलांना घरून उचलून लांबच्या शाळांत कोंडलं. आपली भाषा बोललं की मार, तोंडात साबण.

"माझी आजी त्या शाळेतून परत आली," लोरेन म्हणाली, "ती भाषा घेऊनच. पण आम्हा पोरांशी कधी बोलली नाही. आम्हालाही मार बसेल म्हणून. ती फक्त पावाच्या पिठाशी बोलायची. आमच्या भाषेत पावही 'कोण'च असतो ना. ती मळत मळत त्याच्याशी गप्पा मारायची आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. ती पिठाशी इतकं छान बोलते आणि माझ्याशी का नाही, म्हणून मी पिठावर जळायची."

पद्मजाचा चहा गार झाला. लोरेननं चाळिशीत म्हाताऱ्या माणसांपाशी बसून ती भाषा पहिल्यापासून शिकली होती. ती चुकली की ते खदखदा हसत आणि परत सांगत. दर हिवाळ्यानंतर त्यांतलं एखादं माणूस कमी झालेलं असे. "इथेही आयरिश बोलणाऱ्या पोरांना एके काळी मार बसायचा," ती म्हणाली. "आता बघ, ती बालवाडीत भांडतात त्या भाषेत. भाषा भांडायला वापरली की समजायचं, वाचली."

तिच्याकडे खास गोष्टी होत्या, पण त्या सांगायचा नियम कडक. जमिनीवर बर्फ असेल तरच. गॉलवेत बर्फ कुठला? इथे बारा महिने तेरा काळ पाऊस. पोर रोज विचारायची, लोरेन रोज खिडकीबाहेर बघून मान हलवायची. आणि दोन हजार अठराच्या मार्चच्या तोंडावर अख्ख्या आयर्लंडवर बर्फ पडला! शाळा बंद, रस्ते बंद, दुकानांतले पाव संपले. लोरेन घरातल्याच चपला घालून, कोट कसाबसा चढवून धावत आली. "आला!" म्हणाली, पाहुणा यावा तसं. स्वराला मांडीवर घेऊन तिनं आधी ओजिब्वेत आणि मग इंग्रजीत गोष्ट सांगितली. ती मी तुम्हाला सांगणार नाही, बाहेर बर्फ नाहीये. पण एक सांगतो. त्या भाषेत तसल्या गोष्टीलाही 'कोण' म्हणतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. लोरेन, स्वरा, मी आणि ती गोष्ट.

आता मुद्द्यावर येतो. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात वासंतीबाई पुन्हा आल्या. गुडघे दुखत होते, पण उत्साह दांडगा. आल्या आल्या मला ओट्यावर बघून म्हणाल्या, "बाप्पा! हे त लयच मानानं बसून राहिलं इथी!" नातीसाठी तिळाची चटणी, शेवया, काय काय आणलं होतं.

पोर पाच वर्षांची. "आजीशी मराठीतच बोलायचं हं," असं पद्मजानं बजावलेलं. आणि पोरीनं खरंच मनावर घेतलं. आधी डोक्यात इंग्रजीत जुळवायची, मग एकेक शब्द मराठीत. 'वुई'ला काय म्हणायचं? तिला माहीत होतं. फोनवर ऐकलेलं. आम्ही.

"आजी, आम्ही आता जेवणार."

वासंतीबाई खोलीतच बसून राहिल्या. थोड्या वेळानं पद्मजानं हाक मारली, "आई, ये ना, पानं वाढलीयत."

"होऊ द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "मले भूक नाई."

"आजी, आम्ही आज लायब्ररीत जाणार." "आजी, आम्ही उद्या पिक्चर बघणार." दर वेळी पोर मोठ्या आनंदानं सांगायला धावायची, दर वेळी वासंतीबाईंचा चेहरा थोडा उतरायचा. समोरच्या माणसाला तोंडावर 'आम्ही' म्हणणं म्हणजे काय? तू यात नाहीस. दुसरं काय! आणि मी ओट्यावरून सगळं बघतोय, ऐकतोय, आणि बोलता येत नाही. कपाळमोक्ष करून घ्यावासा वाटला मला, पण माझ्या कपाळाला काय होणार?

मग तो शनिवार. "आजी, उद्या आम्ही समुद्रावर जाणार आहोत!" पोरीनं टाळ्या वाजवल्या.

सकाळी हृषीकेश आला. "आई, निघायचं ना? तयार नाही झालात?"

"नाई जावईबापू, तुमी या जाऊन. माये गुडघे दुखून राहिले."

गुडघे त्या दिवशी मुळीच दुखत नव्हते. दाराची फोल्डिंगची खुर्ची पोरीनं खास आजीसाठी ओढत गाडीपर्यंत नेली होती. ती तशीच ओढत परत आणली आणि दाराला लावली. तिघं गेली. वासंतीबाई एकट्या मागच्या दारात बसून राहिल्या. त्या सोमवारी पोर लोरेनला सांगत होती, "आजीला आम्ही आवडत नाही." इंग्रजीत सांगितलं म्हणून वासंतीबाईंना कळलं नाही. दोघी एकाच घरात, दोघींनाही वाटतंय की आपण नकोशा आहोत! आणि मधे काय, तर दोन अक्षरांचा एक शब्द.

एका सकाळी सगळे कामाला गेल्यावर वासंतीबाईंनी मला उचललं. पदरानं पुसलं. "चाल गा बाबू," त्या मला म्हणाल्या, "आपन आपल्या घरी जाऊ. पुढल्या साली मी काई येत नाई. इथी आपलं कोनी नाई." आणि मला त्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलं.

ऐकलंत? पोटची लेक, जावई, नात सगळी 'तुमी' झाली होती, आणि 'आपन' उरलो होतो ते फक्त त्या आणि मी. सांगायला संकोच कशाला, मला क्षणभर गोड वाटलं. तिकडे भिंतीला टेकलेला पाटा डोळ्यांसमोर आला. पण इकडे माझी बहीण होती हो. जिच्या पायाशी निजलो ती. आणि वासंतीबाई एकदा रुसून गेल्या की परत यायच्या नाहीत, हे मी मिरच्या वाटायच्या वेळेपासून ओळखून होतो. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

जायच्या आधी दोन दिवस लोरेन निरोपाला आली. तीही त्याच आठवड्यात आपल्या देशी परतत होती. पद्मजा घरी होती. लोरेननं ओट्याकडे पाहिलं आणि गॉलवेकरांच्याच थाटात विचारलं, "हिमसेल्फ कुठे आहे?" इथे घरच्या मालकाला असं म्हणतात. म्हणजे मी!

पद्मजानं आईला मराठीत सांगितलं. वासंतीबाई जरा चाचरल्या, मग मला बॅगेतून काढून, लुगड्यासकट टेबलावर ठेवलं. पद्मजानं आईकडे नुसतं पाहिलं.

लोरेन नि स्वराचा एक नेहमीचा खेळ होता, शेवटचा म्हणून तो खेळायला लागल्या. ओजिब्वेत 'वुई'ला एक शब्द नाही, दोन आहेत. लोरेननं पोरीला कवेत ओढलं, वासंतीबाईंकडे तळहात करून त्यांना लांबच थांबवलं आणि म्हणाली, "नीनाविंद!" मग हात पुढे करून वासंतीबाईंनाही मिठीत ओढलं आणि म्हणाली, "गीनाविंद!"

वासंतीबाईंना इंग्रजी जेमतेम येत होतं, ओजिब्वे तर सात जन्मांत ऐकलं नव्हतं. पण हे त्यांना लख्ख कळलं. लोरेननं परत लांब केलं. "नीनाविंद."

"आमी," वासंतीबाई म्हणाल्या.

लोरेननं परत ओढलं. "गीनाविंद."

"हाव, आपन!" वासंतीबाई खुदकन हसल्या. कितीतरी दिवसांनी. "पद्मे, हे त आपल्यासारखंच बोलतात वं!"

पद्मजानं लोरेनला सांगितलं, की मराठीतही दोन आहेत. लोरेन खुर्चीवर बसलीच. "इंग्रजी बोलणाऱ्यांना हे शिकवताना माझा घसा सुकतो," ती म्हणाली. "आमच्यात 'गी' म्हणजे तू. 'मी तुला बघते' म्हणतानासुद्धा आमच्याकडे 'तू' आधी येतो. म्हणून गीनाविंदमध्ये समोरचा माणूस सगळ्यांत पुढे बसलेला असतो."

पोर मात्र हलली नव्हती. तिनं आईला इंग्रजीत विचारलं, "मम्मा, गीनाविंद म्हणजे आपण?"

"हो."

"आणि आम्ही म्हणजे नीनाविंद? म्हणजे आजी बाहेर?"

"हो गं, आजीशी बोलताना 'आम्ही' म्हटलं तर..." पद्मजा मध्येच थांबली. तिच्या चेहऱ्यावरून सगळा उन्हाळा सरकत गेला. न जेवलेली ताटं, परत आलेली खुर्ची.

पोरीचा ओठ आधी वाकडा झाला आणि मग तिनं जो टाहो फोडला! "मला गीनाविंद म्हणायचं होतं! सगळ्या वेळी! समुद्रावर पण गीनाविंद!" हे सगळं इंग्रजीत, हुंदक्यांत. पद्मजानं आईला मराठीत सगळं सांगितलं, समुद्राचं, खुर्चीचं.

वासंतीबाई दोन्ही गालांवर हात ठेवून उभ्या. "अवं माय! म्हंजे थे खुर्ची मायासाठी होती?" मग त्याच पोरीला पोटाशी धरून रडायला लागल्या. "अन् म्या पागलानं काय समजलं! पोट्टी इवलीशी, तिले काय ठाव आमी अन् आपन! म्याच मोठी झाली असून इचारलं नाई. काहून नाई इचारलं म्या?"

आणि तेव्हा पोरीनं डोळे पुसले. टेबलावर लुगड्यात गुंडाळलेल्या माझ्याकडे बघितलं. डोक्यात जुळवाजुळव केली. ती करताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते. आणि म्हणाली, अख्खं मराठीत,

"आजी, वरवंट्याला नको नेऊ. तो आपला आहे."

वरवंट्याला! मराठीच्या शाळेत मास्तरांनी खोडून 'वरवंटा नको नेऊ' असं लिहायला लावलं असतं. इथे कुणी खोडलं नाही. बाळाला घेतात तसं तिनं मला 'ला' लावून घेतलं होतं, आणि पुढच्याच श्वासात आजीला 'आपला'मध्ये बसवलं होतं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात ना? तो फुटला तर कुठून फुटतो, ते मला त्या दिवशी कळलं.

वासंतीबाईंनी लुगडं सोडलं आणि मला ओट्यावर, माझ्या जागी ठेवलं.

लोरेन निघाली. तिच्या भाषेत निरोपाला शब्दच नाही म्हणे. ती म्हणाली, "गिगा-वाबमिन." मी तुला बघेन. हे तिनं स्वराला म्हटलं आणि मग माझ्यावर हात ठेवून मलाही. दोन दिवसांनी वासंतीबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याही भाषेत त्याला शब्द नाही. 'जाते' कोण म्हणतं? "येते हं," त्या म्हणाल्या. "अन् पुढल्या साली पाटा घेऊन येते. मंग कपडे कमी आनीन, नाईतर लेकीचेच नेसीन."

आता डिसेंबर चालू आहे. मी इथेच आहे, खिडकीशी. सकाळी शाळेत जाताना पोर मला "बूझू" म्हणते, ओजिब्वेत रामराम. रविवारी आजीशी व्हिडिओवर बोलते, आणि आता उलटीच गंमत झालीय. 'आम्ही' तिनं कायमचं टाकून दिलंय. "आजी, आपण काल पिझ्झा खाल्ला! आपण डब्लिनला गेलो! आपल्याला गाडीत उलटी झाली!" हृषीकेश एकदा चूक सांगायला गेला, तर पद्मजानं त्याचा हात दाबला. तिकडे अमरावतीत वासंतीबाई शेजारणीला सांगतात, "काल आमी पिझ्झा खाल्ला." हजारो कोसांवरून पोट भरतं त्यांचं.

जूनचं तिकीट काढून झालंय. पाट्याच्या वजनासाठी हृषीकेशनं एक जादा बॅगही घेऊन ठेवलीय. पाटा आला की पोरीला हिरव्या मिरच्यांचा ठेचा कसा असतो ते दाखवीन म्हणतो. मिक्सरवाल्यांनी तेव्हा दूर उभं राहावं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. न्हाणीजवळ, माळ्यावर, दाराच्या मागे माझी भावंडं पडलेली असतील. त्यांना दगड म्हणा, माझी हरकत नाही. पण एकदा, कुणी बघत नसताना, 'ला' लावून बोलवून बघा. आणि 'आम्ही' म्हणायच्या आधी दाराकडे एक नजर टाका. कुणासाठी तरी बाहेर नेलेली खुर्ची तशीच परत आणावी लागत नाही ना, एवढंच.

मघाशी सुरुवातीला मी 'तुमच्या मराठीत' म्हणालो होतो. चुकलं. आपल्या.

येतो.